चार मिनिटांचा जीवनपट

आमच्या वसईत मयताच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या अंत्यविधीच्या प्रार्थनेत, हल्ली जीवनपट वाचतात. माझ्या लहानपणी ही पद्धत नव्हती. मिस्सा झाला, कबरस्तानात मूठभर माती टाकली, घरी येऊन चहा घेतला, झालं. आता कम्युनियन, म्हणजे प्रसाद, झाल्यावर घरातलं कुणीतरी माइकपाशी येतं, घडीचा कागद उलगडतं आणि गेलेल्या माणसाचा जन्म, लग्न, मुलंबाळं आणि सद्गुण वाचून दाखवतं. आजी गेली तेव्हा हा कागद माझ्या वाट्याला आला, कारण आमच्या घरात मराठी माध्यमात शिकलेली शेवटची मीच. माझ्या पाठची सगळी भावंडं कॉन्व्हेंटची. त्यांना आजीशी कादोडी, ही आमची घरची बोली, बोलता यायचं, साहेबाशी इंग्रजी बोलता येतं, पण मराठीचं एक पान लिहायचं म्हटलं की घाम फुटतो.

आजी गुरुवारी पहाटे गेली. वय झालेलं होतं. आदल्या रविवारी फादर घरी येऊन आजाऱ्यांचं तेल लावून गेले, तेव्हा तिने डोळे उघडून ‘फादरना चहा दिला का’ एवढंच विचारलं होतं. धाकटा काका कॅनडाहून यायचा होता, म्हणून दफन शनिवारी दुपारी ठरलं आणि देह शवागारात ठेवला. नाहीतर आमच्याकडे सकाळी गेलेलं माणूस संध्याकाळी मातीत असतं आणि जीवनपट लिहिणाऱ्याला विचार करायला फुरसत मिळत नाही. मला मिळाली.

पॅरिश ऑफिसात गेले तेव्हा फादरांनी आधी वेळेचं सांगितलं. ‘चार मिनिटं. टाइप केलेलं एक पान. आणि वाचणारा एकच.’ मग म्हणाले, ‘प्रवचनात मी आजीचं कौतुक करीन अशी अपेक्षा ठेवू नका. मयताचं प्रवचन म्हणजे गुणगान नव्हे, असा मिस्साचा नियमच आहे. मी पुनरुत्थानावर बोलणार. घरच्यांना बोलायचंय ते कम्युनियननंतरची प्रार्थना झाली की, अखेरच्या निरोपाच्या आधी.’ मला हा नियम आवडला. देवासमोर सगळ्यांना सारखंच प्रवचन. जिल्हा परिषदेचा सदस्य असो नाहीतर पाटीवाली म्हातारी. वाचनं मात्र घरच्यांनी निवडायची होती. आत्याने मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला उतारा निवडला, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं, तो. त्यावर कुणाचं दुमत नव्हतं.

नमुन्यासाठी मी फोनमधले जुने जीवनपट शोधले. कुणाच्या ना कुणाच्या मयताचे, गावाच्या ग्रुपवर आलेले. ओळीने वाचल्यावर लक्षात आलं की नावं झाकली तर कुठला कुणाचा ते घरच्यांनाही सांगता येणार नाही. प्रत्येक बाई प्रेमळ, कष्टाळू, प्रार्थनाशील. प्रत्येक पुरुष मितभाषी आणि शिस्तप्रिय. आमच्या शेजारचे एक काका आयुष्यभर बांधावरून भांडले, त्यांचाही जीवनपट शांतताप्रेमी होता. तेव्हा ठरवलं, विशेषण एकही घालायचं नाही. आजीने काय केलं तेवढंच लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्याच ओळीला अडलं, कारण तिचा जन्म कधीचा तेच धड कुणाला ठाऊक नव्हतं.

आधार कार्डावर 1 जानेवारी 1936. त्या पिढीतली अर्धी वसई 1 जानेवारीलाच जन्मली आहे. आत्या म्हणाली, क्रुसावर खोटी तारीख कोरायची नाही, बाप्तिस्म्याचं बुक बघून ये. म्हणून आजीच्या माहेरच्या पॅरिशमध्ये गेले. तिथल्या ऑफिसातल्या बाईंनी कपाटातून कापडी पुठ्ठ्याचं भलंथोरलं रजिस्टर काढलं. त्या काळी मूल जन्मलं की आठवड्याभरात बाप्तिस्मा व्हायचा, त्यामुळे बाप्तिस्म्याची तारीख मिळाली की जन्माची शोधावी लागत नाही, शेजारच्या रकान्यात असतेच. 1936 मध्ये नाव नव्हतं, 1935 मध्ये नव्हतं. 1934 मध्ये सापडलं. तिरप्या, सुबक रोमन अक्षरात तिचं नाव, आईबापांची नावं, धर्मपिता, धर्ममाता. आणि समासात नंतर वेगळ्या शाईने भरलेल्या दोन नोंदी: दृढीकरण आणि लग्न. लग्न कुठेही झालं तरी त्याची खबर बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवायची आणि तिथल्या बुकात लिहायची, असा चर्चचा कायदा आहे. त्यामुळे एका माणसाचे साक्रामेंत, म्हणजे चर्चमधले संस्कार, एकाच ओळीत सापडतात. सरकारकडे आजीचे कागद पाच ठिकाणी होते आणि प्रत्येकात स्पेलिंग निराळं. इथे एका ओळीत सगळं, आणि तेही बरोबर. जीवनपटातलं पहिलं वाक्य त्या बुकातून आलं.

गुरुवारी संध्याकाळी अंगणातल्या मांडवात माळ, म्हणजे रोझरीची प्रार्थना, होती. ती म्हणताना येशू आणि मरियेच्या आयुष्यातले प्रसंग आठवतात, त्यांना रहस्ये म्हणतात. आणि तिथे आजीच्या भक्तीबद्दल जे कळायचं ते मला कळलं, तेही भांडणातून. म्हाताऱ्या म्हणाल्या, घरात मयत आहे, दुःखाची रहस्ये घ्या. तरुण मुलं म्हणाली, आज गुरुवार, प्रकाशाची घ्यायची. आत्या उभी राहिली आणि म्हणाली, या घरात गुरुवारी आनंदाची होतात. त्यावर कुणी बोललं नाही. झालं होतं असं की, पूर्वी रोझरीची रहस्ये पंधराच होती आणि गुरुवार आनंदाच्या रहस्यांचा असायचा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली प्रकाशाची पाच रहस्ये वाढवली आणि त्यांना गुरुवार दिला. आजीने पोपचं म्हणणं ऐकून घेतलं आणि गुरुवारी आनंदाचीच चालू ठेवली. ‘त्यांनी सांगितलं ते चांगलंच असेल. ज्यांना पाठ होईल त्यांनी करावं.’ लितानीचंही तसंच, म्हणजे एकाने नावं घ्यायची आणि बाकीच्यांनी ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणायचं त्या प्रार्थनेचं. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे, लितानीही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सगळं मराठीत आलं, तिला ते आवडलंही, पण लितानीला उत्तर देताना तिच्या तोंडून ‘ओरा प्रो नोबीस’च यायचं. आम्ही नातवंडं मराठीत, ती लॅटिनमध्ये, आणि ती आमच्यापेक्षा जोरात. त्या गुरुवारी मांडवात चारदोन म्हाताऱ्यांनी तसंच उत्तर दिलं. बाकीचे मग त्यांच्यामागे गेले.

रोजच्या मिस्साला मात्र ती कधीच जाणारी नव्हती, निदान कमावती होती तोवर. हे लिहावं की नाही यावर घरात कुजबुज झाली. पण खरं तेच होतं. सकाळचा मिस्सा सुरू व्हायच्या वेळी ती दादरला पोचलेली असायची. पहाटे उठून पाटी भरायची, तांबडं लुगडं कासोटा घालून नेसायची आणि विरारहून सुटणारी पहाटेची पहिली गाडी पकडायची. विरारपर्यंत विजेची गाडी 1936 पासून आहे. आमच्या पट्ट्यातला चाफा, मोगरा, पालेभाजी, वेलची केळी, उन्हाळ्यात राजेळी केळ्यांची सुकेळी, सगळं याच गाडीने बायकांच्या डोक्यावरून मुंबईला गेलं. बागायतदार म्हणून पुरुषांची नावं सातबारावर. माल विकून पैसे आणणाऱ्या बायका. आजी त्यातलीच एक.

शुक्रवारी दुपारी तिच्या डब्यातल्या तीन बायका आल्या. आता त्याही म्हाताऱ्या, नातवांनी रिक्षातून आणलेल्या. एक भंडारी, एक वाडवळ, एक आमच्यातलीच. मांडवात बसून त्यांनी आधी डोळे पुसले आणि मग भिशीचे हिशेब काढले. डब्यातल्या भिशीचे पैसे आजीकडे असायचे. बँकेत का नाही, असं मी विचारलं, आमच्याकडे तर बसीन कॅथॉलिक बँक 1918 सालापासून आहे. भंडारी आजी म्हणाल्या, ‘बँक आम्हाला पहाटे चारला पैसे देणार होती का?’ कुणाच्या पोराची फी, कुणाच्या नवऱ्याचं औषध, आदल्या रात्रीची अडचण. पहाटे गाडीत सांगायचं आणि आजी कनवटीचे काढून द्यायची. वहीत लिहिलेलं काही नव्हतं. सगळं डोक्यात. एकदा एकीने दोनदा उचल घेतली आणि नाकबूल केली, तेव्हा आजीने भांडण न करता पुढच्या महिन्यात तिचा नंबर पहिला लावला आणि सगळ्यांदेखत पैसे कापून हातात दिले. बाई पुन्हा काही बोलली नाही. त्याच डब्यात श्रावणात भजन व्हायचं, आमच्या उपवासकाळात क्रुसाच्या वाटेची गाणी. अर्ध्याअधिक बायकांना दोन्ही पाठ. हे सगळं मी लिहून घेत होते तेव्हा त्यांच्यातली एक म्हणाली, ‘देवळात वाचणार ना? मग पैशाचं नको घालू.’ मी घातलं.

समाजसेवेचं मात्र अवघड गेलं. आजोबा गेल्यावर आजी संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत जायला लागली. ही सोसायटी मूळची पॅरिसची, फ्रेडरिक ओझानाम नावाच्या कॉलेजातल्या मुलाने मित्रांबरोबर 1833 मध्ये काढलेली. आज जगभर पॅरिशपॅरिशमधून तिच्या शाखा आहेत. काम साधं: दोघादोघांनी मिळून गरजूंच्या घरी जायचं, बसायचं, बघायचं, मग मदत ठरवायची. आजी नक्की कुणाकुणाकडे गेली हे मला हवं होतं. सोसायटीचे जुने अध्यक्ष मांडवात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी सरळ नकार दिला. ‘नावं बाहेर सांगत नाहीत. ज्याच्याकडे आम्ही तांदूळ पोचवला, तो इथेच चार खुर्च्या सोडून बसला असेल. त्याने ऐकायचं का हे?’

मी म्हटलं, नावं नकोत, ती काय करायची ते तरी सांगा.

मग ते मोकळे झाले. ‘आम्ही पुरुष जायचो ते ओटीवर बसून विचारायचो, किती पगार, किती मुलं, आजार काय. माणसं काहीतरी सांगायची, निम्मं खोटं. तुझी आजी ओटीवर थांबायचीच नाही. भाजीची जुडी घेऊन थेट चुलीशी. बाईला म्हणायची, सुरी दे, निवडून देते. निवडता निवडता डबे बघून घ्यायची. बाहेर येऊन मला सांगायची, तांदूळ आहेत, तेल नाही, आणि पोराला चष्मा लागलाय.’ सभेत पैसे जमवायची त्यांची एक रीत आहे, सिक्रेट बॅग. कापडी पिशवी हातोहात फिरते, प्रत्येकजण मूठ आत घालतो, काय टाकलं ते शेजाऱ्याला कळत नाही. अध्यक्षांचं म्हणणं असं की आजी मूठ फार वेळ आत ठेवायची, आणि त्यांना कायम शंका होती की ती टाकण्याऐवजी सुटे पैसे करून घेते. हे सांगताना ते इतके हसले की मांडवातली माणसं वळून बघायला लागली.

तेवढ्यात पप्पांनी विहिरीचा विषय काढला. मी विचारलं नव्हतं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस आमच्याकडे टँकरवाले शिरले होते. वाढत्या इमारतींना पाणी लागायचं आणि बागायतीतल्या गोड्या विहिरी उपसल्या जात होत्या. उपसा वाढला की समुद्राकडचं खारं पाणी आत सरकतं, हे इथल्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही, पानवेल सुकली की कळतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली ती याच दिवसांत. आजी मोर्चाला गेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते पप्पांनी सांगितलं. आमच्या विहिरीसाठी टँकरवाल्याने आगाऊ पैसे आणून ठेवले होते आणि ते पैसे पप्पांना हवे होते. त्यांना तेव्हा टेम्पो घ्यायचा होता. आजीने नोटा मोजल्या, पुन्हा बांधल्या आणि त्याच्या हातात परत दिल्या. पप्पांचा टेम्पो राहिला तो राहिलाच. ‘विहीर अजून गोडी आहे,’ ते म्हणाले, आणि थोडं थांबून, ‘पण मला टेम्पो हवा होता.’ इतक्या वर्षांनी, वारलेल्या आईबद्दल, असं. मला ते फार खरं वाटलं.

रात्री सगळे पांगल्यावर मी स्वयंपाकघरात टाइप करत बसले. आई भांडी आवरत होती. तिने विचारलं, काय काय लिहिलंस. मी वाचून दाखवलं: बाप्तिस्मा, गाडी, भिशी, सोसायटी, विहीर. आई ऐकत होती. मग नळ बंद करून म्हणाली, ‘ती गाडीला जायची तेव्हा तुम्हाला शाळेचे डबे कोण द्यायचं? संध्याकाळी ती लोकांच्या चुलीशी बसायची तेव्हा आपली चूल कोण बघायचं? वाडीत पाणी कोण सोडायचं? आणि ते तांदूळ, सोसायटीचे म्हणतात ते. दर वेळी सोसायटीचे नसायचे. आपल्या डब्यातले असायचे. मला स्वयंपाकाच्या वेळी कळायचं.’

मी गप्प. आईनेच पुढे सांगितलं, ‘तुझ्या वेळी मी आजारी पडले तेव्हा तिने सव्वा महिना पाटी बंद ठेवली. मला जमिनीला पाय लावू दिला नाही. तेही लिही. पण ते पहिलंही लिही.’

आम्ही ज्यांना सेवाभावी म्हणतो त्या प्रत्येक माणसाच्या घरात असं एक माणूस असतं असा आता माझा ग्रह झाला आहे. त्याचा जीवनपट कुणी लिहीत नाही, कारण तो कुठल्या सोसायटीचा सभासद नसतो. मी दोन वाक्यं घातली: ‘आजी लोकांच्या घरी जाऊ शकली, कारण आमचं घर तिच्या सुनेने सांभाळलं. दोघींचं नेहमी पटलं असं नाही.’

शनिवारी सकाळी कागद आत्याच्या हातात गेला आणि व्हायचं तेच झालं. आत्या म्हणाली, पहिलं वाक्य ठेव, दुसरं काढ, मयताच्या मिस्सात घरच्या गोष्टी काढतात का? आई म्हणाली, पहिलं काढ, मोठेपणा वाटतो. दुसरं राहू दे, सगळ्या गावाला माहीतच आहे. कॅनडाहून रात्रभर प्रवास करून आलेला काका दोघींकडे बघत म्हणाला, मग दोन्ही राहू देत. तोच काय तो निर्णय त्याने त्या सबंध सुट्टीत घेतला.

मिस्साबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चर्च भरलं होतं, पाऊस थांबला होता, फादर पुनरुत्थानावर बोलले. चार मिनिटांची साडेपाच झाली, कारण भिशीच्या गोष्टीला मागच्या बाकांवरून हसू आलं आणि मला थांबावं लागलं. सुनेचं वाक्य वाचताना बायकांच्या बाजूला थोडी हालचाल झाली, पदर सावरल्यासारखी. तिकडे बघण्याची माझी हिंमत नव्हती. मग धूप, पवित्र पाणी, आणि कबरस्तान.

घरी चहाच्या वेळी तेच जुने अध्यक्ष आईजवळ आले. आजीची जागा रिकामी झाली होती आणि त्यांना पुढच्या रविवारच्या सभेला माणूस हवं होतं. जीवनपट ऐकूनच त्यांना सुचलं असावं. ‘सासूची परंपरा सुनेने चालवायची,’ वगैरे ते म्हणाले. आईने त्यांच्या कपात चहा ओतला आणि पप्पांकडे हात केला. ‘ह्यांना घ्या. रविवारी ह्यांना काही काम नसतं.’

पप्पा आता जातात. थेट चुलीशी जायचं त्यांना अजून जमत नाही, ओटीवर बसून पगार विचारतात म्हणे. कुणाकडे गेले होते ते घरी सांगत नाहीत. आई विचारतही नाही, ती तांदळाचा डबा बघते.